सोमवारपर्यंतचं तेल

मुल्लाणीमामांनी निळी काच माझ्या हातात दिली आणि भट्टीच्या भिंतीतल्या भोकावरचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलं.

“किती हाय, सांगा,” ते म्हणाले.

मी काच डोळ्यांसमोर धरून आत पाहिलं. आत ज्वाळा अशी नव्हतीच. सगळं एकाच रंगाचं होतं, विटा, गाडी, गाडीवर रचलेले चिनी मातीचे इन्सुलेटर. कडा तेवढ्या कळत होत्या. मी अंदाजाने बाराशे साठ म्हणालो.

“ऐंशी,” मामा म्हणाले आणि मीटरकडे हात केला. मीटर बाराशे ब्याऐंशी दाखवत होता. त्यांनी झाकण परत बसवलं, कमरेच्या फडक्याने हात पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कशाला आलाय, साहेब?”

त्यांना माहीत होतं. पूर्ण कारखान्याला माहीत होतं. तरी मला ते तोंडाने सांगावं लागलं. म्हणालो, भट्टी विझवायला पाठवलंय.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधली, एका शुक्रवारची. मी तेव्हा सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत खिद्रापुरे फर्नेस वर्क्समध्ये सर्व्हिस इंजिनिअर होतो. भूपालअण्णा खिद्रापुऱ्यांनी ती कंपनी काढली तेव्हा ते बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधायचे. पुढे कोल्हापूरच्या कारखान्यांना लोखंड तापवून कडक करायच्या भट्ट्या लागू लागल्या, त्या केल्या. त्यानंतर चिनी मातीच्या. विट्याच्या पुढे माळावर विजेच्या तारांचे इन्सुलेटर बनवणारा हा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यांना बोगद्यासारखी भट्टी हवी होती. दोनशे फूट लांब. आत रूळ, रुळांवर मालाने भरलेल्या गाड्या. एका तोंडातून कच्च्या मालाची गाडी आत ढकलली की दुसऱ्या तोंडातून भाजलेल्या मालाची बाहेर यायची. अशी भट्टी अण्णांनी आयुष्यात ही एकच बांधली. सात आठवडे ते इथेच पत्र्याच्या खोलीत राहिले होते. पंचाहत्तर साली त्यांनी स्वतःच्या हाताने ती पेटवली आणि त्या दिवसापासून ती एकदाही विझली नव्हती. गाड्या भरणाऱ्या हमालांतून इब्राहिम मुल्लाणीला अण्णांनीच वेचून काढला आणि भट्टीपाशी उभा केला. याची नजर चांगली आहे, एवढंच कारण त्यांनी दिलं होतं.

अण्णांचा एक नियम होता. आपण बांधलेल्या भट्टीचं पत्र आलं की दोन दिवसांत आपला माणूस तिथे पोचला पाहिजे. भट्टी विकली म्हणजे आपण सुटलो असं नाही, असं ते म्हणायचे. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. आता त्यांचा मुलगा धन्यकुमार कारभार बघत होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. कारखान्याचं पत्र आलं, दादांनी मला पाठवलं. नियम पाळला गेला.

कारखाना विकला गेला होता. नव्या मालकाला जमीन हवी होती. तेलाचा टँकर गुरुवारीच बंद झाला होता. वर्क्स मॅनेजर देवस्थळी नावाचे साठीला आलेले गृहस्थ होते, त्यांनी मला पत्र दाखवलं. भट्टी योग्य पद्धतीने थंड करावी, इतकंच त्यात होतं. मी त्यांना समजावून सांगितलं की अशी भट्टी एका दिवसात विझवता येत नाही. एकोणीस वर्षं तापलेल्या विटा आहेत. सहाशे अंशांच्या खाली घाईने उतरवल्या की तडकतात, वरची कमान खाली येते. दहा-बारा दिवस लागतील आणि त्यासाठीही तेल लागेल.

“तेल दोन दिवसांचं आहे,” देवस्थळी म्हणाले. “तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. मला वरून काही विचारू नका. मीसुद्धा तीस तारखेपर्यंतच आहे.”

बाहेर आलो तर दारात हिंदुराव शेळके उभा होता. युनियनचा सेक्रेटरी, चाकावर इन्सुलेटर घडवणाऱ्यांच्या खात्यातला. त्याने मला बाजूला घेतलं नाही, तिथेच, चार माणसांसमोर सांगितलं. कामगारांनी कोर्टात अर्ज केला होता. सोमवारी कोल्हापुरात तारीख होती. कारखाना बेकायदेशीरपणे बंद केला जातोय, त्याला स्थगिती द्या, असा अर्ज. कोर्टाचा माणूस पाहणीला आला आणि भट्टी तापलेली असली, तर कारखाना चालू आहे असं म्हणता येईल. गार पडली, कमान कोसळली, तर ती पुन्हा बांधायला कोण येणार? मग निकाल काहीही लागू दे.

“साहेब, आमाला तुमच्याकडनं खोटं काय नको,” हिंदुराव म्हणाला. “फक्त सोमवारपर्यंत ती गार पडू देऊ नका.”

मी मामांबरोबर तेलाच्या टाकीवर चढलो. पट्टी बुडवून तेल मोजलं. सोळा बर्नर चालू ठेवले तर खरंच रविवार सकाळ उजाडली नसती. खाली येऊन मी एका पुठ्ठ्यावर आकडेमोड केली. नवीन गाडी आत ढकलायची नाही, बारा बर्नर बंद करायचे, मधले चार मंद ठेवायचे. बाराशे ऐंशीवरून ती हळूहळू आठशेवर येईल आणि तिथे धरून ठेवता येईल. तेल मंगळवार दुपारपर्यंत पुरेल. गंमत अशी की भट्टी नीट विझवायची पहिली पायरीही हीच होती. मालकाच्या कागदावर मी भट्टी विझवत होतो आणि कामगारांच्या लेखी जगवत होतो. झडप तीच फिरवत होतो.

गाड्या आत ढकलणारं यंत्र मामांनी स्वतः बंद केलं. दर पन्नास मिनिटांनी ते यंत्र कण्हत एक गाडी पुढे रेटायचं आणि कारखान्यात सगळे त्या आवाजावर जेवणाची सुट्टी, चहा, पाळी ओळखायचे. बारा वाजून गेले, आवाज आला नाही. एकेक खात्यातून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मातीने पांढरे झालेले हात तसेच. थोड्या वेळाने ती परत आत गेली, पण आत त्यांना काम नव्हतं.

शनिवारी सकाळी भट्टी नऊशे चाळीसवर होती. मामा घरी गेले नव्हते. त्यांची बायको रशिदा डबा घेऊन आली होती, त्यातलाच अर्धा त्यांनी मला दिला. जेवताना घरचं सांगत होते. दोन मुली, थोरली नववीत, धाकटी सहावीत. रशिदा कपडे शिवायची. मामांचं वय एकोणपन्नास होतं. भट्टीशिवाय मला काही येत नाही, असं ते कुरकुर न करता म्हणाले, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं.

दहाच्या सुमाराला दादांचा फोन आला. देवस्थळींनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि रिसीव्हर हातात देऊन ते सभ्यपणे बाहेर गेले. मी दादांना काय केलंय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “आता ऐक, मगदूम. भट्टी पाडायचं काम आपल्याला मिळालंय. नवीन मालकानं कालच सही केली. बुधवारी आपला ट्रक येईल, गॅस कटर, माणसं, सगळं. बर्नर, रूळ, पंखे आपण घेणार.”

मी विचारलं, सोमवारी कोर्टाची तारीख आहे, त्याचं काय?

“त्याचं काही होत नाही. सोमवारी न्यायाधीश रजेवर आहेत, नव्या मालकाच्या वकिलाला माहीत आहे. तारीख पडेल पुढची. महिना-दीड महिना. तोवर तिथं काय उरणार?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“हे तिथं कुणाला बोलायचं नाही,” दादा म्हणाले. “माणसं चिडलेली असतात. काहीतरी होऊन बसेल आणि तू एकटा आहेस तिथं. कळलं?”

मी कळलं म्हणालो. त्या वेळी मला कंपनीत येऊन सहा वर्षं झाली होती. डिप्लोमा झाल्या झाल्या अण्णांनी घेतलं होतं. घरी आई, लग्नाची बहीण. हे मी सबब म्हणून सांगत नाही. रिसीव्हर ठेवताना माझ्या डोक्यात हेच होतं, म्हणून सांगतो.

मी भट्टीपाशी परत आलो आणि चारही बर्नर पुन्हा तपासले, जरुरी नसताना.

दुपारी साडेबाराला फाटकावर नोटीस लागली. नव्या मालकाचा बेळगावजवळ दुसरा कारखाना होता. तिथे इथल्या वीस जणांना घेणार होते. ज्यांना जायचंय त्यांनी इथल्या नोकरीचा राजीनामा लिहून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत फाटकावरच्या खोलीत सही करायची. खाली कामांची यादी होती. यादीत पहिलंच नाव होतं ‘भट्टी ऑपरेटर, एक’.

हिंदुरावने फाटकापाशी सगळ्यांना गोळा केलं. तो ओरडला नाही. म्हणाला, हे मुद्दाम आजच लावलंय, सोमवारच्या आधी. वीस जणांनी राजीनामे दिले की कोर्टात ते दाखवतील, बघा, माणसं स्वतःहून जातायत. एकाही माणसाने सही करू नये. दोन दिवस कळ काढा.

माणसं ऐकत होती. काही जण खाली बघत होते. मी लांब, तेलाच्या टाकीच्या सावलीत उभा होतो.

साडेतीनला मामा माझ्याकडे आले. त्यांनी आधी मीटर पाहिला, आठशे ऐंशी. वहीत आकडा लिहिला. मग उलट्या ठेवलेल्या पिंपावर माझ्याशेजारी बसले. दोघंच होतो. बर्नरचा आवाज इतका मंद झाला होता की कधी नव्हे ते तिथे हळू बोलता येत होतं.

“साहेब, एक इचारू?”

“विचारा ना, मामा.”

“बेळगावला गॅसची भट्टी हाय म्हणतात. शिकून घेईन मी. आग ती आगच.” त्यांनी फाटकाकडे पाहिलं. “हिंदुराव म्हणतो सही करू नका. त्याचं बी बराबर हाय. एकोणीस वर्सं मी हितली भाकरी खाल्ली, आन् सगळ्यांच्या आधी मीच उठून गेलो, तर ही बाकीची मानसं काय करतील? मी गेलो की भट्टी गेलीच.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी शिकलेली मानसं. तुमाला वरचं काय काय ठावं असतं. काय करू? करू का सही?”

समोर भिंतीवर घड्याळ होतं. पाचला दीड तास बाकी होता.

“भट्टी टिकेल, मामा,” मी म्हणालो. “सोमवारपर्यंत काही काळजी नाही. मंगळवार दुपारपर्यंतसुद्धा.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, “बास. मग झालं.”

ते फाटकाकडे गेले नाहीत. पाच वाजेपर्यंत ते भट्टीच्या त्या तोंडापासून या तोंडापर्यंत दोनदा फिरून आले. प्रत्येक भोकातून आत पाहिलं. मी दोनदा उठलो. एकदा तर त्यांच्या मागे वीस पावलं गेलोही. ते वळले आणि काय पाहिजे असं त्यांनी हातानेच विचारलं. मी तेलाचा दाब बघायला आलोय असं दाखवलं.

पाच वाजता देवस्थळी फाटकावरच्या खोलीतून बाहेर आले, हातात एक पातळ फाईल. सात जणांनी सही केली होती. हिंदुराव पूर्ण वेळ समोर हाताची घडी घालून उभा होता, पण त्याने त्या सात जणांना काही म्हटलं नाही. भट्टी ऑपरेटरच्या जागेवर सही नव्हती.

रविवारी कारखान्यात सुट्टी असायची, पण बहुतेक सगळे आले. बायका भाकऱ्या, झुणका, मिरच्यांचा ठेचा घेऊन आल्या. भट्टीच्या भिंतीला पाठ लावून माणसं बसली. थंडी नव्हती, उलट उकडत होतं, तरी बसली. एकाने मला सांगितलं की त्याची पोरगी जन्मली त्या दिवशी तो इथे पाळीवर होता. दुसरा म्हणाला, कोर्ट म्हणजे काय आंधळं नसतं. मला आग्रह करकरून वाढत होते. मी जेवलो. काय करणार होतो? त्या दिवशी खरं सांगूनही उपयोग नव्हता. शनिवारचे पाच वाजून गेले होते.

सोमवारी पहाटेच्या गाडीने हिंदुराव आणि आणखी दोघं कोल्हापूरला गेले. भट्टी आठशे पाचवर होती, ठरवल्यासारखी. मामांनी वहीत आकडा लिहून खाली रेघ मारली. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. कोर्टाचा माणूस आज नाही तर उद्या येईल, असं ते म्हणाले.

एक वाजता देवस्थळींच्या केबिनमधला फोन वाजला. तेच बाहेर आले. अठ्ठावीस एप्रिल ही पुढची तारीख पडली होती. न्यायाधीश रजेवर होते, एवढंच त्यांनी सांगितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

माणसं मामांकडे बघत होती. मामा माझ्याकडे.

“अठ्ठावीसपर्यंत,” ते म्हणाले, “किती तेल लागंल?”

“नाही पुरणार, मामा.”

“दोन बर्नरवर?”

“नाही.”

“एकावर?”

मी नकारार्थी मान हलवली. मग एकजण म्हणाला, लाकडं आणू. दुसरा म्हणाला, माझ्या रानात बाभळी आहेत. मला पुन्हा एकदा समजावून सांगावं लागलं, की या भट्टीत लाकूड जाळायला जागाच नाही, बर्नरच्या भोकातून काय आणि किती टाकणार. सगळं खरं होतं. भट्टीबद्दल मी त्या चार दिवसांत एक शब्दही खोटा बोललो नव्हतो.

संध्याकाळी हिंदुराव परत आला. त्याने सायकल घेतली आणि घरी गेला. मंगळवारी दुपारी सव्वादोनला शेवटचा बर्नर फडफडला, दोनदा खोकल्यासारखा आवाज झाला आणि विझला. मामा टाकीवर चढले, पट्टी बुडवली, खाली उतरले. पट्टी मला दाखवली. मग ती फडक्याने पुसून जागेवर ठेवली.

बुधवारी अकराला ट्रक आला. दारांवर दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगात आमच्या कंपनीचं नाव. मामा फाटकाशीच होते. त्यांनी नाव वाचलं, मला विचारलं, “हे आपलंच न्हवं?”

“हो.”

“कधी ठरलं?”

“मला कालच कळलं,” मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. ट्रकमधली माणसं उतरली, भट्टीजवळ गेली आणि अंगाला धग लागून मागे सरली. आत अजून पाचशेच्या आसपास होतं. मधूनच विटा तडकल्याचा आवाज यायचा, कोरडा, काडी मोडल्यासारखा. आधी बाहेरचे पाइप, पंखे, रूळ काढायचे ठरले. कमानीला दहा दिवसांनी हात लावायचा.

त्या दहा दिवसांत मामांना कामावर कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते रोज येत होते. कमान पाडायच्या दिवशी आमच्या माणसांनी मधोमधच घण घालायला सुरुवात केली. मामांनी त्यांना थांबवलं. मधून पाडली तर सगळी अंगावर येईल, म्हणाले. त्यांनी कडेची एक रांग दाखवली, कुठल्या विटा आधी सैल करायच्या ते खडूने खुणा करून दिलं, खाली कुणी उभं राहायचं नाही ते सांगितलं. अण्णांनी ती कमान कशी बसवली होती हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून कशी उतरवायची ते त्यांना माहीत होतं. दुपारपर्यंत चाळीस फूट कमान उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी आमच्या मुकादमाने मामांचे आभार मानले आणि त्यांना चहा पाजला.

बेळगावला गेलेल्या सात जणांपैकी पाच तिथूनच निवृत्त झाले. ती भट्टी पुढे पुष्कळ वर्षं चालली. अठ्ठावीस एप्रिललाही पुढची तारीख पडली आणि मग त्या अर्जाचं काय झालं ते मी विचारलं नाही. खिद्रापुऱ्यांची नोकरी मी अठ्ठ्याण्णवला सोडली. कारण वेगळंच होतं.

मामांची गाठ त्यानंतर एकदाच पडली, नऊ वर्षांनी. तासगावला ते बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर वॉचमन आहेत असं कळलं होतं. मी मुद्दाम गेलो, सांगायचंच असं ठरवून गेलो. ते म्हातारे दिसत होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, पण मला आवाजावरून ओळखलं. मागच्याच एका खोलीत राहत होते. थोरली मुलगी दहावीनंतर शाळेत गेली नव्हती, तिचं लग्न झालं होतं. धाकटी द्राक्षाच्या पॅकिंगला जात होती. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि आत हाक मारली.

“रशिदा, बघ कोण आलंय. भट्टीवाले मगदूमसाहेब.” मग तिला आठवावं म्हणून त्यांनी सांगितलं, “आपल्या मानसांसाठी चार दिस ज्यांनी भट्टी धरून ठेवली, ते हे. सोताच्या मालकाला बी इचारलं न्हाई त्यांनी.”

रशिदाबाईंनी पदर सावरून मला नमस्कार केला. चहा टाकते म्हणाल्या. मामा माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. चहा आला. मी तो प्यालो आणि सांगलीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.